सांधे धरले असता

शशिकांतराव टिपणिसांना हवा होता एक रबरबँड. तेवढ्यासाठी त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे खण उघडले आणि शेवटी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा सोऱ्याचा डबा काढला. जून महिना होता, साल १९९३. चकल्यांना अजून पाच महिने अवकाश होता, आणि सोऱ्याच्या डब्यात रबरबँड कशाला असेल, हे त्यांनाही कळत होतं. पण एखादी गोष्ट अमुक जागी नसेलच, असं खात्रीनं म्हणायला त्यांना अडुसष्टाव्या वर्षीही जमत नसे. गॅस बंद केला की नाही हे ते तीनदा बघत. पत्र पेटीत टाकल्यावर ते खरंच आत पडलं का, म्हणून फटीतून वाकून पाहत. वेम्बलीच्या त्या गल्लीतल्या पोस्टमनला ते पाठ झालं होतं.

डब्यात सोऱ्या होता, शेवेच्या आणि चकलीच्या चकत्या होत्या आणि त्यांच्यामागे एक तपकिरी बाटली होती. बाटलीवर वेलीचं चित्र होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव होतं, 'इपारू'.

शशिकांतराव स्टुलावरच बसले.

हे नाव त्यांच्या ओळखीचं होतं. निवृत्तीपर्यंत बावीस वर्षं ते लंडनमधल्या एका लहानशा संस्थेत वाळवलेल्या औषधी वनस्पतींची कार्डं लिहीत होते. सुनीतीबाई डॉक्टर. त्यांना १९६४ मध्ये इल्फर्डकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, आणि पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारे शशिकांतराव त्यांच्यामागून आले. तिथल्या मराठी मंडळातले लोक सुरुवातीला थट्टा करत, "टिपणीस, तुम्ही बायकोच्या सामानात आलात म्हणे!" ते हसत. त्यांना ते खरंच वाटे. पुढं कार्डांचं काम मिळालं तेव्हा थट्टा बदलली. आडनाव टिपणीस आणि धंदाही टिपणांचा.

इपारूचे त्या संग्रहात दोनच कागद होते. १९३४ साली ॲमेझॉनच्या एका उपनदीवर कुणा इंग्रज गृहस्थानं ती वेल तोडून, दाबून, वाळवून आणली होती. त्यानंतर ती कुणालाही खात्रीनं सापडली नव्हती. मग या बाटलीत काय होतं? शशिकांतरावांनी एक कॅप्सूल उघडून वास घेतला. गवताचा आला. ही ती वेल नव्हे, असं त्यांच्या मनात आलं. लगेच दुसरं आलं, वाळलेल्या पुडीचा वास घेऊन ठरवणारे आपण कोण?

चष्मा पुसून त्यांनी बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला. नदीकाठच्या आदिवासींचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं औषध असल्याचं त्यात म्हटलं होतं. ते लोक ही वेल केव्हा घेतात, ते त्यांच्याच शब्दांत दिलं होतं, दुहेरी अवतरणचिन्हांत: "व्हेन द जॉइंट्स आर कॉट, एस्पेशली इन वेट वेदर."

सांधे धरले असता, विशेषतः ओल्या हवेत.

जॉइंट्स आर कॉट. असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही. ॲमेझॉनच्या नदीवरही म्हणत असतील असं वाटत नाही. असं फक्त चिपळुणात म्हणतात.

*

मिस हारकोर्ट त्यांच्या वरिष्ठ होत्या, सडपातळ आणि शिस्तीच्या. शशिकांतरावांची कार्डं सुवाच्य असत, पण प्रत्येक कार्डावर एक तरी प्रश्नचिन्ह असे. ही पानं की देठ? हा ताप की नुसती कणकण? "मिस्टर टिपणीस," बाई म्हणत, "प्रश्नचिन्ह कपाटात लावता येत नाही. 'ए'च्या खणात ठेवू की 'झेड'च्या?"

१९८१ साली एके दिवशी इपारूचा कागद त्यांच्यासमोर आला. कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं की खोड कुटून पाण्यात घालतात, 'फॉर विंड', विशेषतः पावसात. 

विंड. वारा. वात.

शशिकांतरावांचे वडील चिपळूणचे वैद्य. ओसरीवर रोगी येत, आणि वडील सांगत, "वात म्हणजे वारा रे. सांध्यात शिरला की माणूस जुन्या दारासारखा करकरतो. आणि पाऊस लागला की वाताला ऊत." लहानपणी हे त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की तो पेन्सिलीचा मजकूर त्यांना वडिलांच्याच आवाजात ऐकू आला. वारा, आणि तोही पावसाळ्यात. मग दुसरं काय असणार? त्यांनी 'उपयोग' या रकान्यात एका दमात लिहून टाकलं, सांधे धरले असता, विशेषतः ओल्या हवेत. कार्डावर प्रश्नचिन्ह नव्हतं.

मिस हारकोर्टनी कार्ड दोनदा वाचलं. "'जॉइंट्स आर कॉट.' हे त्या लोकांचे मूळ शब्द दिसतात. छान! असेच जपले पाहिजेत." आणि स्वतःच्या पेनानं त्या शब्दांना अवतरणचिन्हं घातली. हे शब्द माझेच आहेत, असं शशिकांतराव सांगणार होते. पण बावीस वर्षांत बाईंनी त्यांच्या कामाला छान म्हटलं ते त्या एकाच दिवशी. त्यांनी कार्ड खणात लावलं.

*

दुसऱ्या दिवशी ते वेम्बलीच्या लायब्ररीत गेले. 'घरगुती उपचार' या फळीवर त्यांना तीन पुस्तकं मिळाली. ताज्या पुस्तकानं इपारूची माहिती त्याच्या आधीच्या पुस्तकातून घेतली होती, त्यानं त्याच्याही आधीच्या, आणि त्या सगळ्यांत जुन्या पुस्तकानं तळटीपेत संस्थेच्या कार्डांचे आभार मानले होते. मधल्या पुस्तकाच्या लेखिकेनं तर लिहिलं होतं, 'वेदनेला हे लोक हिंस्र पशू समजतात. ती सांध्यांना पकडते! हे आपण सुधारलेली माणसं विसरलो आहोत.'

शशिकांतरावांना हसू आलं. तरुणपणी त्यांना पुस्तक लिहायचं होतं. तीन वह्या भरून झाल्यावर आपल्याला सांगण्यासारखं काही नाही अशी त्यांची खात्री झाली, आणि ते सोडून दिलं. आता कळत होतं की त्यांचं एक वाक्य छापून आलं होतं, चार ठिकाणी, आणि तेही आदिवासींच्या नावावर.

घरी आल्यावर ते बैठकीच्या खोलीत पेपर धरून बसले. पण कान जिन्याकडे होते. सुनीतीबाई वर गेल्या. गेल्या हिवाळ्यापर्यंत त्या सातव्या पायरीवर, वळणापाशी, कठड्याला धरून उभ्या राहत आणि म्हणत, "थांबते जरा." हल्ली थांबत नसत. शशिकांतरावांनी ते पाहिलं होतं, मनात देवाचे आभारही मानले होते. कारण मात्र विचारलं नव्हतं.

पंचवीस वर्षं म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काढलेली ही बाई. मंडळात कुणी काढ्या-चूर्णांचा विषय काढला की म्हणायची, "इथं झाडपाला नको. मला ट्रायल दाखवा, नंबर्स दाखवा." तीच आता सोऱ्याच्या डब्यात बाटली लपवत होती.

*

"अंकल, तुम्ही? या ना! चहा घेणार? मशीनचा चहा फार वाईट असते."

संस्थेत शशिकांतरावांच्या जागी आता अनुराधा बसत असे. तिचे आईवडील इथलेच डॉक्टर, ती जन्मानं लंडनची. मराठी बोलायची तिला भारी हौस, पण शब्दाचं लिंग कुठलं ते तिला शेवटपर्यंत कळत नसे. टेबलावर कार्डांचे खण काढून ठेवले होते आणि ती एकेक कार्ड कॉम्प्युटरमध्ये घालत होती.

"शुक्रवारी डिस्क जाणार," ती म्हणाली. "अकरा युनिव्हर्सिटी. अमेरिका, ब्राझील, जपान, सगळीकडे. तुमचा अक्षर इतकी सुंदर आहे ना, मला वाचायला काही प्रॉब्लेम नाही."

"ब्राझीललासुद्धा?"

"हो, ऑफ कोर्स."

म्हणजे ते वाक्य आता त्या नदीवर परत जाणार. तिथलं एखादं शाळेत जाणारं पोर ते वाचेल आणि आपल्या आजीला विचारेल, आजी, सांधे धरले म्हणजे काय गं? शशिकांतरावांनी कोट न काढताच सांगितलं, "मला इपारूचा कागद बघायचाय. आणि त्या गृहस्थांची वही असेल तर तीही." वही असते हे त्यांना १९८१ सालीही माहीत होतं. इतर कुठल्याही कार्डासाठी त्यांनी ती मागवली असती. शंका आली नाही म्हणून मागवली नव्हती.

कागद आला. वेलीचा करडा वळसा, चार पानं, आणि कोपऱ्यात ती चिठ्ठी.

"फॉर विंड," अनुराधानं वाचलं आणि ती खुदकन हसली. "सॉरी अंकल. बट विंड म्हणजे… गॅस ना? पोटातली. मम्मी लहानपणी मला ग्राइप वॉटर द्यायची, फॉर विंड."

शशिकांतरावांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. एकोणतीस वर्षं ते या देशात राहत होते. शेजारची मिसेस डॉसन कोबी खात नाही, कारण कोबीनं तिला विंड होतो, हे तिनं त्यांना कुंपणावरून किती वेळा सांगितलं होतं! तो शब्द त्यांना माहीत होता. फक्त त्या दिवशी तो मराठीतून आला.

"मग गॅसच असेल," ते म्हणाले. "लिहिणारा इंग्रज होता."

"आपण वही बघू या."

वही कातडी पुठ्ठ्याची होती, वाळवीनं कडा खाल्लेली. अनुराधानं तारखेवरून पान काढलं. त्या दिवशी दुभाष्याला ताप होता, असं त्या गृहस्थांनी आधीच लिहून ठेवलं होतं. पुढं होतं: इपारू. खोड कुटून पाण्यात. म्हातारीनं गाल फुगवून फुंकर मारून दाखवली, म्हणजे विंड. मग आभाळाकडे हात केला, म्हणजे पाऊस. हे कुणाला देता, असं मी खुणेनं विचारलं. ती पुष्कळ हसली आणि तिनं माझ्या होडीकडे बोट दाखवलं.

दोघांनीही ते दोनदा वाचलं.

"होडीला देतात?" अनुराधा म्हणाली. "म्हणजे स्टॉर्म यायला नको म्हणून? होडीवर ओततात! हाऊ ब्यूटिफुल."

"किंवा होडीतून जाणाऱ्यांना देत असतील. वारा लागून आजारी पडू नयेत म्हणून."

"ऑर…"

"किंवा ती म्हणत असेल, बाबा, वारा सुटलाय, पाऊस येतोय, आता तू आपल्या होडीत बस आणि जा."

अनुराधा इतकी मोठ्यानं हसली की पलीकडच्या टेबलावरच्या बाईनं मान वर केली. शशिकांतराव हसले नाहीत. त्यांना ती म्हातारी दिसत होती, गाल फुगवलेली. तिला जे ठाऊक होतं ते तिनं सांगितलं होतं. इंग्रजानं त्याचं विंड केलं, आपण त्याचा वात केला, कंपनीनं त्याच्या कॅप्सूल केल्या.

"मग काय टाइप करू, अंकल? हे बघा, आता एक नवा बॉक्स आहे." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. उपयोगाच्या रकान्याखाली एक लहान चौकोन होता आणि त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह. "डाऊटफुल असेल तर इथे टिक करायची."

मिस हारकोर्टनी हे पाहायला हवं होतं, असं शशिकांतरावांना वाटलं. प्रश्नचिन्हाला अखेर खण मिळाला होता. त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. "उद्यापर्यंत थांबशील?"

"उद्या शुक्रवार आहे."

"सकाळीच येतो."

परतीच्या गाडीत त्यांना घोर होता तो सुनीतीबाईंच्या गुडघ्याचा. गुडघा बरा होता, हे खरं होतं. मग तो पुरावा नव्हे का? कदाचित वडील बरोबर असतील, म्हातारी वाताबद्दलच बोलत असेल, आणि आपण आता शहाणपणा करून खरं वाक्य पुसून टाकू. आणि वाक्य खोटं असेल, तर? पुसायचं म्हणजे सुनीतीला सांगावं लागणार. सांगितलं की ती सातव्या पायरीवर पुन्हा थांबणार. न सांगता पुसावं, तर जे अकरा विद्यापीठांना सांगितलं ते बायकोपासून लपवलं, असं होणार.

*

त्या संध्याकाळी जेवण लवकर झालं. सुनीतीबाई ताटं उचलून वळल्या, तर टेबलावर बाटली.

त्यांचा चेहरा लाल झाला. "माझे डबे उघडायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"रबरबँड…"

"सोऱ्याच्या डब्यात रबरबँड? आता मला बोलायचं असेल ते बोला. मंडळातल्या सुप्रभानं दिल्या. तिनं फार आग्रह केला. डॉक्टर असून घेतल्या, चुकलं माझं! पण तुम्हाला काय माहीत, पहाटे उठताना काय होतं ते."

"सुनीती, बस जरा. हे जे लिहिलंय ना बाटलीवर, ते वाक्य माझं आहे."

"कुठलं वाक्य?"

त्यांनी सगळं सांगितलं. चिठ्ठी, वडील, मिस हारकोर्टची अवतरणचिन्हं, ग्राइप वॉटर, म्हातारी, होडी. सांगताना ते मिठाची बरणी सारखी फिरवत होते. सुनीतीबाईंनी चष्मा लावून बाटली डोळ्यांजवळ धरली. "जॉइंट्स आर कॉट," त्यांनी हळू वाचलं. मग ओठ हलले, मनातल्या मनात त्यांनी ते मराठीत म्हटलं असावं. आणि त्या हसायला लागल्या. पदरानं डोळे पुसत हसत राहिल्या.

"म्हणजे सहा महिने मी मामंजींचं बोलणं गिळत होते! रोज दोन वेळा, पाण्याबरोबर!"

शशिकांतरावही हसले. मिसेस डॉसनच्या बागेत गवत कापायचं यंत्र घरघरत होतं.

"पण गुडघा खरंच बरा होता हो," सुनीतीबाई म्हणाल्या. हा आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. "खोटं नाही सांगत."

"माहीत आहे. मी जिन्यावर ऐकत होतो. म्हणून तर विचारतो. तुझ्या गुडघ्याला धरून चालायचं, तर वाक्य खरं असेलही. तू डॉक्टर आहेस. तुझा गुडघा पुरावा आहे का?"

सुनीतीबाईंनी बाटली खाली ठेवली. लंगडत आलेल्या किती म्हाताऱ्यांना त्यांनी असाच प्रश्न विचारताना ऐकलं असेल. "एक गुडघा म्हणजे पुरावा नव्हे," त्या म्हणाल्या. "माझे दोन्ही धरलेत, तरी नव्हे. आणि तुम्हीच म्हणता ना, बाटलीत ती वेल असेलसं वाटत नाही?"

"वाटत नाही. पण खात्री…"

"तुम्हाला खात्री कधी होती? जा उद्या आणि खरं काय ते लिहून या."

"खरं काय ते माहीत नाही गं."

"मग तसं लिहा. तुमच्याइतकं ते कुणाला चांगलं लिहिता येणार आहे?"

हा टोमणा होता की शाबासकी, हे शशिकांतरावांना कळलं नाही. त्यांनी मान डोलावली. "आणि तू? गोळ्या?"

"माझं मी बघीन," सुनीतीबाई म्हणाल्या आणि बाटली घेऊन आत गेल्या. फळीवर ठेवल्याचा आवाज आला, की केराच्या डब्यात टाकल्याचा, हे बाहेर कळलं नाही.

*

शुक्रवारी सकाळी अनुराधानं टाइप केलं आणि शशिकांतरावांनी खांद्यावरून वाचलं. खोड कुटून पाण्यात. 'फॉर विंड', विशेषतः पावसात. पाण्याचं काय करतात आणि विंड म्हणजे काय, ते माहीत नाही. सांध्यांचा उल्लेख १९८१ च्या कार्डलेखकाचा. तो चुकीचा समजावा.

"नाव घालू, अंकल? तुमचा?"

त्यांनी क्षणभर विचार केला. बाटलीवर नसलं, तरी इथं हवं. "घाल," ते म्हणाले. "एस. टिपणीस. स्पेलिंग बघतो हं मी." तिनं चौकोनात खूण केली. त्यांनी ती खूण पडली की नाही हे तीनदा पाहिलं. मग जुनं कार्ड मागून घेतलं आणि सांध्यांच्या ओळीवर एकच सरळ रेघ मारली, खालची अक्षरं वाचता येतील अशी. कार्ड फेकायचं नसतं.

बाटल्यांवरचं आणि पुस्तकांतलं वाक्य तसंच राहणार होतं. त्या कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदा त्यांनी गाडीतच केला, दोनदा खोडला, तिसऱ्यांदा बरा झाला. घरी येऊन पत्र पाकिटात घातलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. फटीतून वाकून पाहिलं.

ते परत आले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. सुनीतीबाई धुतलेल्या चादरी घेऊन जिना चढत होत्या. शशिकांतराव दारातच उभे राहिले, बूट न काढता. चार. पाच. सहा. सात.

पावलं थांबली.

बाटलीचं काय झालं, हे त्यांनी सकाळपासून विचारलं नव्हतं. आता विचारायची गरजच उरली नाही, असं त्यांना वाटलं. एका वाक्याची भरपाई दुसऱ्या वाक्यानं होत नाही.

"सुनीती," त्यांनी खालून विचारलं, "दुखतंय का गं?"

"काय?"

"गुडघा. थांबलीस म्हणून…"

"अहो, खिडकी लावतेय!" वरून आवाज आला. "वारा बघा किती सुटलाय!"

शशिकांतराव कान देऊन उभे राहिले. जिन्याच्या वळणावरच्या खिडकीचा खटका जुना होता. लावताना मोठ्यानं वाजायचा. तो वाजला, असं त्यांना वाटलं. मग आठवी पायरी करकरली.